एकोणसाठ, मालगाडीने

एकोणीसशे एकोणसाठ हे साल
भुसावळला साठच्या मे महिन्यात पोचलं.
मुंबईच्या गोदीतून, कुणा खलाशाच्या ट्रंकेतून,
टर्किश टॉवेलात गुंडाळलेल्या चार तबकड्या,
मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात,
सेल्विन बार्टलेट ड्रायव्हरच्या नावाने.

मी कॉलबॉय होतो.
रात्री कंदील घेऊन ड्रायव्हरांना उठवायचं
आणि वहीत सही घ्यायची.
बार्टलेटला उठवावं लागत नसे.
पारा सत्तेचाळीसवर. तबकड्या वाकू नयेत म्हणून
त्यानं त्या माठाच्या आडोशाला उभ्या केलेल्या,
ओल्या फडक्याखाली, तापल्या लेकरासारख्या.

‘बैस,’ म्हणाला. ‘हे साल ऐक.’
तिकडे त्या साली काहीजणांनी
सुरांचे जिनेच काढून टाकले होते म्हणे,
एकाच अंगणात फिरत राहिले,
आणि अंगण संपेना.
‘जिना नाही, तर वर कसं जायचं?’
तो हसला. ‘वर कोण आहे?’

हे मला लगेच कळलं.
आमच्या घरातला कोनाडा
छप्पन सालापासून रिकामा होता,
चुना लावलेला, स्वच्छ.
देव तापीत गेले, आणि बापानं
डफडं चुलीत घातलं.
तीन दिवस घरात चामड्याचा वास होता.
आई भाकरी थापत होती, बोलत नव्हती.

मग त्यानं एका बाईचा आवाज लावला.
ही मात्र जुनी तबकडी, किनार उडालेली.
ती त्याच साली गेली, म्हणाला,
दवाखान्याच्या खाटेवर, आणि दाराशी पोलीस.
मी विचारलं, का?
त्यानं सुई उचलली, वहीत सही केली
आणि डबा घेऊन शेडकडे निघाला.

शनिवारी इन्स्टिट्यूटमध्ये घोळ झाला.
ड्रमवाल्याची बदली इटारसीला,
आणि बार्टलेटला वाजवायची होती
ती पाच मात्रांची नवी चाल.
ट्रम्पेट चालायचा, अडखळायचा,
गार्ड लोकांच्या बायका उंच टाचांवर
चौथ्या मात्रेला वळायच्या
आणि पाचवीला एकमेकींवर आदळायच्या.

बाप माझा डबा घेऊन आला होता.
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
दारातच उभा. लोको शेडचा खलासी,
कपड्यांना काजळी, आत कसा येईल.
पण त्याची बोटं डब्याच्या झाकणावर
चालू झाली होती. त्याला माहीत नव्हतं.
‘चार पावलं,’ तो पुटपुटला, ‘अन् एक ठेच.’

बार्टलेटनं ते ऐकलं.
‘तायडे, बैस तिकडे.’
‘कोनाच्या दारात वाजवाचं हाये?’
बापाचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.
‘कुणाच्याच नाही. ही खुर्ची आहे.’

बाप खुर्चीकडे बघत राहिला.
सगळ्या गावची लग्नं, मयती, पोळे
त्यानं वाजवले होते, उभ्यानं,
वेशीपासून चालत, कुणाच्या तरी पुढं,
आणि नंतर उष्ट्याची पाटी.
बसून वाजवता येतं
हे त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

बसला. आधी गुडघे कुठे ठेवावेत कळेना.
काठ्या बाजूला ठेवल्या, बोटांनीच धरलं:
चार पावलं, ठेच.
चार पावलं, ठेच.
बाहेर यार्डात शंटिंग चाललेलं,
डबे डब्यांना आपटत होते, आपल्या हिशेबानं.
आणि बायका पाचवीला वळायला लागल्या.

त्या रात्री घरी तो काही बोलला नाही.
फक्त आईनं पाट मांडला
तेव्हा क्षणभर उभा राहिला.

बार्टलेट चौसष्टात पर्थला गेला.
जाताना तबकडी आमच्या कोनाड्यात ठेवून गेला,
दुसरी जागा त्याला दिसली नसावी.
चार उन्हाळे माठानं राखलेली ती
आमच्या पत्र्याखाली पहिल्याच मे महिन्यात वाकली.
अजून लावतो कधी.
एका जागी सुई उडते, एक मात्रा गळते,
पाचाचे चार होतात.
तिथे मी पाय आपटतो.